पुळणीची लांबी

नोंग इस्तोयच्या होडीत अकरा पोरं, अब्नेर, मी,
आणि झावळीच्या विणलेल्या पुड्यांत शिजवलेला भात.
सेबूच्या पलीकडे, ओहोटीपुरतंच वर येणारं एक बेट.
नकाशात नाही.
इस्तोयच्या बापाने मात्र त्यावर जाळी वाळवलेली.

अब्नेर म्हणाला, आज भूगोल पायांनी.
जुनरेची भरली एकशे बारा पावलं,
मायलीनची एकशे चाळीस.
जुंपली दोघांची. कुणाची धरायची?
मी म्हटलं, मायलीनची.
तिच्या पायांत चपला नाहीत.

मग जेवण, सुक्या माशावरून पुन्हा थोडी हमरीतुमरी.
डोंगरातून शिकायला आलेला रेनान
बोट बुडवून समुद्र चाखत राहिला.
प्रत्येक वेळी तितकाच खारट,
तरी त्याची खात्री पटेना.

दोन वाजता मायलीन पुन्हा चालली: त्रेसष्ट.
तीनला: नऊ.
पोरं हसत होती, मग हसेनाशी झाली.
इस्तोय नांगराचा दोर गुंडाळत म्हणाला,
"जातंय कुठं? खालीच आहे की."

एकेकाला हात देऊन वर घेतलं.
मी शेवटी, घोट्यापर्यंत पाण्यात,
पटावरची नावं पुन्हा एकदा मोजत.

काल वह्या तपासायला घेतल्या.
मायलीनचा तक्ता, पट्टीने रेघा मारलेला:
अकराला एकशे चाळीस,
दोनला त्रेसष्ट,
तीनला नऊ,
साडेतीनला
मॅडम.

लाल पेनाचं टोपण
अजून काढलेलं नाही.