घोड्याला मेण

वर्षातून दोनदा आम्ही त्याला न्हाऊ घालतो,
एप्रिलात एकदा, आणि मेपलची पानं झडली की पुन्हा.
टेनेसीतलं आमचं गाव, कोर्टापुढचा चौक,
पुढचे दोन्ही पाय हवेत टाकलेला कांस्याचा घोडा
आणि वर ते, टोपी उंचावून.
कुणाला सलाम करतात देव जाणे. समोर फक्त बँक आहे,
आणि बँकेशी तर त्यांचं हाडवैर होतं.

मी टॅकेट. व्हर्लिन. बापही हेच करायचा.
लिओना किंगफिशर दोन वर्षं हाताखाली आहे,
ओक्लाहोमाहून आलेली, कामाला चोख.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
घोडा माझा, वरचा माणूस तुमचा.
घोड्याचा काय दोष?

तेव्हापासून ती खुरं घासते, आयाळीतली कबुतरांची घाण काढते,
बर्नरनं धातू तापवून पोटावर मेण चोळते
अशी, की जनावराला गुदगुल्या व्हाव्यात.
रिकिबीपाशी तिचा हात थांबतो.
तिथून पुढे बूट. तिथून पुढे मी.

आमच्या कपाटात एका पेल्याचा तुटका देठ आहे.
खापरपणजोबांचे कुणी आजोबा, फूटभर जमीन नसलेले,
ह्यांना मत देऊन आले, आणि शपथविधीच्या दिवशी
चिखलाच्या पायांनी थेट राष्ट्राध्यक्षांच्या दिवाणखान्यात.
रेटारेटीत पेला फुटला. देठ खिशात आला.
त्या दिवशी टॅकेट माणसांत जमा झाले, असं बाप सांगायचा.

तिच्या घरी एक झाकण आहे, बिडाचं.
कायद्यावर सही ह्यांची. शिपाई आले ते नंतर,
जेवत्या पानावरून उठवलं,
हाताला लागलं ते घेऊन बाई निघाली.
पश्चिमेला आठशे मैल. वाटेत दोन मुलं पुरली.
झाकण पोचलं.
भांडं इकडेच कुठेतरी राहिलं.

हे तिनं एकदाच सांगितलं, डबा खाताना.
मी देठाचं अजून सांगितलेलं नाही.

ह्या खेपेला घोड्याच्या तोंडात गांधीलमाश्यांचं पोळं निघालं.
मी फवारा आणला. ती म्हणाली, राहू द्या,
थंडीनं जातीलच. आणि लगामाभोवतीनं
बोट वाचवत मेण लावत राहिली.

संध्याकाळी मजुरी द्यायची, तर पाकिटात सगळ्या विसाच्या,
प्रत्येकीवर तेच तोंड.
रस्ता ओलांडला, बँकेतून दहा-दहाच्या करून आणल्या.
तिनं मोजल्या, खिशात घातल्या.
शिडीचं एक टोक तिनं धरलं, एक मी.

वळताना मागे पाहिलं:
उतरत्या उन्हात दोघेही सारखेच चमकत होते.
सांधा कुठे आहे,
खालून कळत नाही.