माहेरचे शिंगाडे

फुमिए नावाची बाई आली होती जपानातून,
आमचा तलाव मोजायला.
डोंग्यात चढताना तिनं बूट काढले,
जणू डोंगा म्हणजे कुणाचं घर.

मी बांबू रोवत होतो,
ती शिसं बांधलेली दोरी सोडून
पाण्याला खोली विचारत होती.
शिंगाड्याच्या वेलाशी अडकलो तेव्हा बोलली.
सोबतच्या नागपूरच्या पोरानं मराठीत सांगितलं:
मॅडमच्या गावीही असाच तलाव आहे,
धानासाठी खोदलेला.
मधे हातभर बेट, बेटावर देवी,
मांडीवर वाद्य, पायाशी पांढरा साप.
म्हणतात, ती तुमच्याकडचीच. सरस्वती.

काहीतरीच, मी म्हणालो.
सरस्वती शाळेत राहते जी, फोटोत.
तिला तलावात काय काम?

दिघोरे गुरुजींच्या कानावर गेलं
आणि त्यांच्या अंगातच आलं.
हार, नारळ, माईक.
"बघा, आपला धर्म कुठवर पोचला!"
बाई वाकली. पुन्हा वाकली.
मग वहीच्या पानावर कुंचल्यानं
एकच अक्षर काढलं.
देवळाच्या पाटीवर हेच आहे म्हणे,
गावात कोणालाच लागत नाही,
सगळे नुसते हात जोडतात.
"सो," ती म्हणाली.
पहिलीतली तनू मधे घुसली, मान वाकडी केली.
"स. सशाचा स.
पण याचा कान मोडला."

त्या रात्री मला झोप नाही.
आधी नदी होती म्हणे ती.
इकडं आटली,
तिकडं कोणी तिला तळं दिलं राहायला.
बोली गेली, लुगडं गेलं,
नावातलं एक अक्षर तेवढं
पदराच्या गाठीला बांधून राहिली.
आणि एवढ्या पिढ्यांत माहेरचं कोणी
बरी आहेस का, म्हणून गेलं नाही.
पोचला, म्हणतात गुरुजी.
लेक कुठं पोचते?
तिला नांदावं लागते.

सकाळी बाई एकटीच पारेवर गेली.
मोहाखाली मातामाय, शेंदराचे तीन गोटे.
कोणी सांगितलं नव्हतं तिला.
बूट काढले,
दोन टाळ्या वाजवल्या, झोपलेल्याला उठवावं तशा,
आणि उभी राहिली.
हिरकण्या, माझी बायको, धुणं थांबवून पाहत होती.
"हिला बरोबर समजलं," म्हणाली,
"पाणी कोण राखते ते."
मग वाळले शिंगाडे फडक्यात बांधून
बाईच्या हाती दिले.
"तिला दे जी. ओटीत."

माघात फोनवर फोटो आला.
बर्फ. बेट. लाल कठडा.
पायरीवर तीन शिंगाडे, काळे,
शिंगं वर करून बसलेले.
हिरकण्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
आणखी मोठा.
देवीचं तोंड दिसेना, दार बंद होतं.
"असू दे. कामात असन," म्हणाली
आणि चूल पेटवायला गेली.

मी कोपऱ्यातलं पाणी पाहत राहिलो.
एक वलय होतं तिथं, ताजं.
बाईला विचारायचं राहूनच गेलं,
त्या तलावात मरळ लागते का.