फक्त माप

आमच्या कचेरीत दानाची प्रतवारी असते.
दहा लाखांच्या वर इमारत,
लाखाच्या वर वर्गखोली,
पाच हजारांना तळ्याकाठचा बाक, पितळी पट्टीसह.
फूल ना फुलाची पाकळी देणाऱ्यांना
मी पत्र पाठवतो : छापील,
सही तेवढी खरी.

ओरिस्या हावरिलुक कुठल्याच रकान्यात बसेना.
पैशांनी ती बाकाच्या कितीतरी पुढे होती,
पण तिला बाक नको होता.

एकतीस वर्षं
भूगर्भशास्त्राच्या इमारतीत रात्रपाळीला
तिनं फरशी पुसली.
विनिपेगचा जानेवारी, बाहेर उणे चौतीस,
आत दारापासून जिन्यापर्यंत
वितळत्या बर्फाचे ठसे.
पुसण्याआधी ती ते वाचायची म्हणे.
हा टाचेवर जोर देणारा.
ही धावत आलीय, उशीर झालाय.
आणि हे कापडी बूट, उन्हाळ्यातले, नक्षी झिजलेली,
डाव्या अंगठ्याखाली भोक.
ठशाच्या आत आणखी एक ठसा,
नाण्याएवढा,
मोज्याच्या विणीचा.

तो तिनं तीन रात्री पाहिला.
चौथ्या रात्री तो नव्हता.
नंतर कधीच नव्हता.

मृत्युपत्रात एवढंच :
दर हिवाळ्यात, जितके होतील तितके बूट.
गुण विचारू नका.
निबंध लिहून घेऊ नका.
फक्त माप.

वकील म्हणाले, गरज सिद्ध कशी होणार?
संचालकबाई म्हणाल्या, निदान फोटो तरी हवा.
फोटो एकच मिळाला,
कर्मचाऱ्यांच्या नाताळच्या जेवणातला.
अर्धा चेहरा केकच्या आड.

पहिल्या वर्षी तळघरात खोकी रचून बसलो.
मलावीची थांडिवे दारातच थांबली.
लिहायचं काय? काही नाही.
भेटायचं कुणाला? कुणालाच नाही.
मग यात गोम काय आहे, तिनं विचारलं,
आणि मला तरी कुठे ठाऊक होतं.
उत्तरेकडच्या वस्तीतला कोल्टन आला,
स्वतःचे बूट धाकट्या भावाला ठेवून.
एकानं माप नऊ सांगितलं, नेले,
दोन आठवड्यांनी लंगडत परत आला.
मोठा बूट महाग असेल
असं वाटून कमी सांगितलं होतं त्यानं.
कुठे चावतं, हे विचारायला
आमच्या अर्जात रकाना नव्हता.
मी खोडरबर घेतला. दहा केलं.
तो हसला नाही. आभारही मानले नाहीत.
तिथल्या तिथे खाली बसून नाड्या बांधू लागला,
आणि मी, का कोण जाणे,
दुसरीकडे पाहत राहिलो.

काल निघायला उशीर झाला.
जिन्याशी ओले ठसे, बहुतेक एकाच नक्षीचे,
आमच्याच खोक्यांतले.
पुसायला हल्ली नवा माणूस असतो,
कानात गाणी, हातात यंत्र.
सरळ पट्ट्यांत ठसे नाहीसे करत
तो माझ्याकडे येत होता.

दाराजवळ एक वेगळा होता.
सपाट. नक्षी नसलेला.
मी हात वर करून त्याला थांबवलं,
आणि त्या ठशाशेजारी
माझा पाय ठेवून पाहिला.

साडेआठ असावा.