एकोणीस जण पाहत आहेत

पुलाच्या तिसऱ्या खांबावर कॅमेरा मीच बसवला.
नगरपालिकेचं काम. दोन तास, हातमोजे काढून.
खाली ओउनास नदी, या काठापासून त्या काठापर्यंत थिजलेली,
आणि वेबसाइटवर माझी एक ओळ:
बर्फ कधी फुटतो ते घरबसल्या पाहा.

मला वाटलं होतं, कोण कशाला पाहतंय.
पांढऱ्यावर पांढरं, दिवसभर जिथल्या तिथे,
एखादा कावळा उतरला तर तीच बातमी.
पण कोपऱ्यात डोळ्याच्या चिन्हापाशी आकडा असायचा.
अकरा. सोळा.
पहाटे तीनलाही चार.

कोण हे चार?
एकाच नदीकडे, एकाच क्षणाला,
एकमेकांच्या खांद्यावरून डोकावल्यासारखे,
आणि खांदा कुणाचाच कुणाला लागत नाही.
चर्चच्या बाकावरसुद्धा माणूस जरा सरकून घेतो.

म्हणून एका रात्री, कुणाला न विचारता,
चित्राला लागून मी एक चौकट जोडली.
"बोला," एवढंच लिहिलं तिच्यात.

दोन दिवस कुणी बोललं नाही.
आमच्याकडे जिन्यात शेजारी दिसला
तर लोक दाराआड थांबतात, तो खाली उतरेपर्यंत.
तिसऱ्या दिवशी उर्हो, पूर्वीचा नावाडी,
एका बोटानं, अक्षर शोधत शोधत:
काच पुसा. डावीकडे डाग आहे.
मी शिडी घेऊन गेलो. पुसली.
आता बरं दिसतंय, आउलिक्की म्हणाली,
रोवानिएमीच्या इस्पितळातून, रात्रपाळीवर.
काचेचा गेला, बर्फावरचा तसाच आहे, कुणी वेइक्को.

खरंच होता. मधोमध, काळा, मुठीएवढा.
कुणी म्हणे ओंडका, कुणी म्हणे मेलेला पक्षी.
तो कुठल्या दिवशी बुडेल यावर
कॉफीच्या पुड्यांच्या पैजा लागल्या.
मीही लावली. एक पुडा, सहा मे.

सत्तावीस एप्रिल, दुपार. आकडा एकोणीस.
आउलिक्की: बर्फावर माणूस चाललंय.
वेइक्को: या दिवसांत? वेड लागलंय का?
मी फोन उचलला, अग्निशमनचा नंबर लावू लागलो.
तेवढ्यात चौकटीत एक नाव उगवलं, आधी कधी न दिसलेलं.
ताइमी: मी आहे.
ताइमी: तो डाग नाही. पेंटीची बादली आहे.
ताइमी: फेब्रुवारीत तिच्यावर बसून गळ टाकताना तो गेला.
तुम्हाला गंमत वाटत होती, म्हणून गप्प बसले.

पाहणाऱ्या एकोणिसांपैकी एक
आता चित्रात होती, अंगठ्याएवढी,
एका हातात बादली, दुसऱ्यात फोन.

उर्हो लिहू लागला. एका बोटानं, पण किती भराभर:
आल्या वाटेनं परतू नकोस. खाली झरा आहे.
डावीकडे.
अजून.
पाऊल उचलू नकोस ताइमी, घसटत ये.
ती वाचायची, थांबायची, सरकायची.
बाकी कुणी अक्षर लिहिलं नाही.
ती शांतता त्या दोन दिवसांसारखी नव्हती,
हे मला तेव्हाच कळलं.

पुलाखाली पोचल्यावर तिनं वर पाहिलं
आणि बादली उंच धरली, आम्हा सगळ्यांना दाखवायला.
मी स्वयंपाकघरात एकटा, हात हलवला.
नंतर कळलं, वेइक्कोनंही हलवला,
आउलिक्कीनं तर थर्मामीटर धरलेला हात.
ताइमीला यातलं काही दिसणार नव्हतं.
चौकटीत अक्षरं मावतात, हात नाही.

पैजा कुणी वसूल केल्या नाहीत.
बर्फ फुटला नऊ मेला, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.
मी झोपलो होतो, इतक्या खटाटोपानंतर.
सकाळी चौकट उघडली.
दोघंच जागी होती.

उर्हो: गेला.
ताइमी: हो. पाहिला.