शेंड्यांचा हिशेब

पासानाउरीच्या घाटात, नदीकडेच्या खानावळीत
आम्ही चौघे निवृत्त बसड्रायव्हर.
खिन्काली येते वाफाळत,
कळ्या पाडलेली, वर पिळलेली शेंडी.
शेंडीला धरायचं, रस ओढायचा, बाकीचं गिळायचं,
शेंडी बशीत. शेवटी मोजायच्या.
वाझा एकदा बत्तिसावर थांबला होता,
अजून सांगतो.

मी रस ओढतो,
सुरीनं पोट फाडून खिमा तेवढा खातो.
ओली पांढरी कातडी बाजूला पडून राहते
भिजल्या मोज्यासारखी.
नातेलाबाई थबकतात:
"बिघडलीय का आज?"
खिन्काली नाही हो, मी.
हे मनातच.
मोठ्यानं फक्त अक्रोडातली वांगी मागवतो, आणखी एक बशी,
आणि पेल्यावर हात ठेवतो.
वाझा बाटली तशीच धरून उभा.

मग मोजणी. वाझा चौदा. शोता अकरा.
"तुझ्या?"
माझ्या बशीत शेंड्या कसल्या,
अख्ख्या कणकेचा ढीग.
शोता काट्यानं एकेक उचलून मोजतो,
आमच्या डेपोतल्या तिकीट तपासनिसासारखा.
"नऊ."

मी सहाच फोडल्या होत्या.

शेजारी एल्गुजा,
बशी लख्ख रिकामी,
नदीकडे बघतोय.