गाडी कोपऱ्यातून काढ

नेर्गुई,
तुझे दोनशे चौदा डाव पाहिले.
पाहिले म्हणजे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय,
नातीने एकेक खेळी मोठ्याने वाचली, मी लाकडी पटावर लावली.
पांढऱ्या वजिराच्या जागी अजून मेंढीच्या घोट्याचं तेच हाड आहे.
खरा वजीर तू चौथीत असताना हरवलास.

आधी चांगलं सांगते, नाहीतर पुढचं वाचणार नाहीस.
घोडे तुझे देखणे चालतात.
समोरचा राजा आणि वजीर एकाच उडीत धरतात.
हे मी शिकवलेलं नाही, हे तुझ्या आजोबांच्या तबेल्यातून आलंय.
आणि कोंडीत सापडलास की घाबरत नाहीस.
राजा उघडा, दोन प्यादी कमी,
तरी बसून राहतोस,
धुळीच्या वादळात कळपाला टेकून बसावं तसा.
अठ्ठ्याण्णवाव्या डावात ब्राझीलचा तो माणूस
कंटाळून चुकला. मी टाळी वाजवली, चहा सांडला.

आता बाकीचं.

तू तीन मिनिटांचे डाव खेळतोस.
गाशून सुखाइतच्या नाक्यावर तीन-तीन दिवस उभा असतोस,
पुढे चारशे ट्रक, मागे चारशे ट्रक,
कोळशाची पूड चहात, कानात, पापण्यांत,
आणि खेळतोस असा, जणू मागून कुणी हॉर्न वाजवतोय.
ज्याच्याकडे वेळच वेळ, त्याला कसली रे एवढी घाई?

हरलास की लगेच दुसरा मांडतोस.
त्सागान सारची रात्र, एक ते पहाटे चार:
एकोणीस डाव, सतरा हार.
सणाला घरी का आला नाहीस ते विचारत नाही.
पण ते बुद्धिबळ नव्हतं. ते
काच खाली करून अंधाराला शिव्या घालणं होतं.

आणि गाडी.
कुणी तिला हत्ती म्हणतं, कुणी किल्ला.
आपण गाडी म्हणतो.
नव्वद टन ओढणारा माणूस तू,
आणि पटावरची तुझी गाडी कोपऱ्यात गार पडलेली!
एकशे एकतीस डावांत ती जागची हललीच नाही.
मोजलंय मी.

मुलांचंही तेच.
प्याद्याला आपण मुलगा म्हणतो, विसरलास?
पहिल्या मिनिटातच चार-पाच वाटून टाकतोस,
मग शेवटी, पट रिकामा झाल्यावर,
चालत पलीकडे जायला कुणी उरत नाही.
(तुझा परवा भेटला. सहा वर्षांचा झाला.
घोडा कसा चालतो विचारत होता.
मी म्हटलं, बाबाला विचार.)

उपाय सोपा आहे, म्हणून तुला आवडणार नाही.
दिवसाला एकच डाव. तासाभराचा.
खेळी सुचली की हात मांडीखाली घे.
एक घोट चहा. मग बघ, अजून तितकीच चांगली दिसते का.
हरलास तर खाली उतर, टायर ठोकून बघ,
आणि कुठे चुकलं ते वहीत लिही. मला दाखवू नकोस.
शिकायचं ते शेवटापासून:
राजा, गाडी, एक मुलगा.
महिनाभर एवढंच.

घोड्यांवर विसंबू नकोस.
जुन्या शतरमध्ये घोड्याने दिलेली मात धरतच नसत.
माझा बाप म्हणायचा, घोडा दारापर्यंत नेतो,
आत आपल्या पायांनीच जावं लागतं.

पत्र इथेच संपवलं होतं.
काल रात्री नातीने दोनशे पंधरावा वाचला.
तासाभराचा निघाला.
एकेचाळिसावी खेळी: गाडी सातव्या पट्टीवर,
मुलगा पलीकडच्या काठापासून दोन घरं,
आणि तुझा वेळ संपला.

हरला, नात म्हणाली.
मी हाड उचलून डबीत ठेवलं.
नाही गं, म्हटलं, रांग हलली असेल.
गाडी काढावी लागली त्याला.