एकूण राख

नमुना क्रमांक चार. स्थानिक नाव : कडू कांदा.
वनस्पतीचा भाग : जमिनीखालचा.
कुठून आणला, या रकान्यात मी लिहिलं,
जैवंताबाई नैताम, बोडधा.
मॅडमनी बाई खोडली, तालुका ठेवला.

आला तेव्हा केसाळ होता, मातीनं लडबडलेला,
पळसाच्या पानांत बांधून, एसटीच्या टपावरून.
धुतला. सोलला. चकत्या केल्या.
मनगटापर्यंत जी खाज चढली
तिला तक्त्यात रकाना नाही.

एकशे पाच अंशांवर रात्रभर ठेवलं
की पाणी जातं, शंभरातलं सत्तर.
मग साडेपाचशेची भट्टी,
आणि सकाळी मुशीच्या तळाशी उरते
फुंकरीनं उडेल एवढी, पांढरट.
हिला आम्ही एकूण राख म्हणतो.
सगळं हिच्यातच असतं, मॅडम म्हणतात,
जे जळत नाही ते.

जैवंताबाईकडे राख आधी येते.
चुलीतली, लाकडाची.
चकत्यांना चोळायची, उकळायचं,
टोपलीत भरून नाल्याच्या धारेत ठेवायचं
वर दगड, रात्रभर.
सकाळी एक चकती जिभेवर.
जीभ बोलली, तर आणखी एक रात्र.

निकाल घेऊन मीच गेलो.
सुनेचं रक्त कमी भरलं होतं,
आशाताईंच्या लाल गोळ्या कोनाड्यात तशाच.
मी कागद वाचला :
पोटॅशियम भरपूर, कॅल्शियम बरं,
जस्त थोडं, लोह…

"लोहा?"
तिनं कुडाला टेकवलेली सब्बल उचलली.
"लगन होऊन आली तवा हे माया कानाले लागे.
आता पाय, खांद्याच्या खाली गेली.
मंग कोठी गेला एवढा लोहा?
जमिनीनं खाल्ला, कांद्यानं खाल्ला, आमी खाल्ला.
तुमच्या मशीनले आत्ता दिसला."

मी वजनं करणारा माणूस,
दशांशानंतर चार घरं.
हे खोडून काढता आलं असतं मला.
तेवढ्यात सुनेनं भात वाढला,
वर कांदा, मीठ, कुटलेली मिरची.
कडू नव्हता.
पाणी पिताना मागून आला, जरासा.

निघताना तिनं विचारलं, शेंडी कुठी हाये?
वेल जिथून फुटतो तो तुकडा
खोदल्या खड्ड्यातच परत पुरायचा असतो.
नाही तर पुढच्या साली
कोणत्या तोंडानं जायचं त्या झाडाखाली?
नमुना परत मिळत नाही, मी म्हणालो.
अर्जावर तसं छापलंच आहे.

खरं म्हणजे सोलण्याआधीच
बोटभर तुकडा बाजूला काढला होता मी.
का, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.
प्रयोगशाळेमागे, जनरेटरच्या जाळीशी पुरला.
आषाढात वेल चढला,
पानं एवढी, बदामासारखी.
मॅडम म्हणाल्या, ते तण उपटून टाका.
मी हो म्हणालो.
अजून म्हणतोय.